मागचा बाक

अब्दुल कलाम भेटत नाहीत अशी जागा आमच्या पट्ट्यात राहिलेली नाही. चाकणच्या कारखान्यात सेफ्टीच्या बोर्डाशेजारी कलाम. आकुर्डीच्या क्लासवाल्याच्या फ्लेक्सवर कलाम. शाळेच्या भिंतीवर केस दोन्ही बाजूंना सोडून हसणारे कलाम, खाली स्वप्नाविषयी एक वाक्य. चिंचवडच्या सायन्स पार्कच्या आवारात महापालिकेनं तारांगण बांधलं, त्यालाही नाव त्यांचंच. बाबासाहेबांचा फोटो लावा म्हटलं की जिथं मॅनेजमेंटला आधी सर्क्युलर आठवतं, तिथं कलाम बिनबोभाट लागतात. कुणाच्या पोटात दुखत नाही.

माझ्याही दुखत नाही. माणूस मोठा होता. पण दोस्तांनो, तो फोटो आपल्यावर कसा फेकला जातो ते तुम्हाला ठाऊक आहे. जूनमध्ये ॲडमिशनचे दिवस आले की कॅन्टीनमध्ये कुणीतरी चपातीचा तुकडा मोडत म्हणतोच, ‘‘कलाम बघ. पेपर टाकून शिकला, राकेट उडवलं, राष्ट्रपती झाला. त्यानं मागितली का कधी सवलत?’’ आणि आपली पोरं, जी आठवड्यातनं सहा दिवस त्याच टेबलावर जेवतात, ती खाली मान घालून डाळ ओरपतात. मी तीस-पस्तीस वर्षं हे ऐकतोय. कलामांच्या आधी ह्या जागेवर दुसरी नावं असायची.

ह्या वाक्याला उत्तर द्यायचं म्हणून मी ‘अग्निपंख’ दोनदा वाचलं, आमच्या विहाराच्या अभ्यासिकेतली प्रत, पानं सुटलेली. मग कलामांच्या गावालाही जाऊन आलो.

झालं असं की कंपनीच्या शटडाऊनच्या आठवड्यात आमच्या लाइनीतल्या चौदा जणांनी रामेश्वर-कन्याकुमारी ठरवली. मी चौदावा. वर्गणी सगळ्यांची सारखी. रामेश्वरला उतरल्यावर तेरा जण पहाटेच समुद्रात बुडी मारून देवळातल्या बावीस कुंडांच्या अंघोळीला गेले. तिथं यात्रेकरू ह्या कुंडावरनं त्या कुंडावर ओल्या कपड्यानं पळत असतात आणि वरून बादलीनं पाणी ओततात. मला कुंड नको आणि लिंगही नको. ‘‘हा बाबा जयभीमवाला, ह्याला कोरडाच राहू दे,’’ म्हणून ते हसले. मीही हसलो. रिक्षा केली आणि पेईकरुंबूला गेलो. तिथं कलामांना ३० जुलै २०१५ ला दफन केलं. त्याच जागेवर डीआरडीओनं स्मारक उभारलं आणि २७ जुलै २०१७ ला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं.

बाहेरनं बघाल तर इंडिया गेटसारखी कमान, राष्ट्रपती भवनासारखा घुमट. म्हणजे माणूस रामेश्वरच्या वाळूत पुरलाय आणि वर दिल्ली आणून ठेवली आहे. आत त्यांची चित्रं, पुतळे, रॉकेटांच्या आणि क्षेपणास्त्रांच्या प्रतिकृती. शाळेची पोरं रांगेत. मी टर्नर माणूस. मला कुठलीही गोल वस्तू दिसली की डोळा आधी फिनिशवर जातो. प्रतिकृती कसली, साच्यातनं काढलेली रंगवलेली खोळ. पण त्या खोळीपुढं मी बराच वेळ उभा राहिलो. कारण खरी वस्तू काय होती ते मी वाचून गेलो होतो.

एसएलव्ही-३. उंची सुमारे २२ मीटर, वजन १७ टन, चार टप्पे, चारही घन इंधनाचे. १८ जुलै १९८० ला श्रीहरिकोट्यावरनं उडालं आणि रोहिणी नावाचा ३५ किलोचा उपग्रह कक्षेत सोडला. सतरा टन जाळायचे आणि वर न्यायचं काय, तर सिमेंटच्या गोणीपेक्षा हलकं बोचकं. हे ऐकल्यावर कुणी म्हणेल, हा काय सौदा झाला? पण रॉकेटचा धंदाच तसा आहे. जे इंधन वर न्यायचं तेच उचलायला आणखी इंधन लागतं, त्याला आणखी. म्हणून खालचा टप्पा जळून रिकामा झाला की त्याचं लोखंड टाकून द्यायचं, वरच्यानं हलकं होऊन पुढं जायचं. आणि सगळ्यात वरच्या टप्प्यात तुम्ही एक किलो वाचवला तर तो एक किलो सरळ उपग्रहाच्या वाट्याला येतो. म्हणून चौथा टप्पा स्टीलचा नाही केला. धाग्यांच्या संमिश्रातनं केला, हलका आणि चिवट. तुंब्याला ते काम कलामांच्या हाताखालच्या गटानं केलं. हे त्यांचं खरं कारागिरीचं काम. भिंतीवरच्या वाक्यांपेक्षा मला हे काम आवडतं. ग्रॅम-ग्रॅम मोजत बसलेला माणूस मला आपला वाटतो.

पण तिथल्या गर्दीत सगळ्यांचा डोळा वीणेवर. कलाम वीणा वाजवायचे, तर वीणा वाजवणारा त्यांचा पुतळा ठेवलाय. २०१७ ला उद्घाटन झालं त्याच आठवड्यात त्यावरनं वाद पेटला, कारण वीणेशेजारी गीता होती. तमिळनाडूतल्या पुढाऱ्यांनी विचारलं, ही गीता इथं कशाला? मग कलामांच्या नातेवाइकांनी कुराण आणि बायबल आणून शेजारी ठेवलं. तर त्याचीही तक्रार झाली. मला विचाराल तर पुतळा चांगला आहे, वीणाही चांगली. पण मुसलमानाला भिंतीवर चढवताना हातात वीणा आणि शेजारी गीता लागते, ही गोष्ट मी लक्षात ठेवून बाहेर पडलो. चाकणच्या कॅन्टीनमधला फोटो बिनबोभाट का लागतो ह्याचं अर्धं उत्तर मला त्या काचेपाशी मिळालं.

उरलेलं अर्धं मशीद गल्लीत. देवळापासनं चालत काही मिनिटांवर कलामांचं घर आहे, वरच्या मजल्यावर त्यांच्या वस्तूंचं प्रदर्शन. फोटो, पुस्तकं, सन्मानपत्रं, पदव्या. जिना अरुंद. माणसं फोटोत राष्ट्रपती शोधत होती, मी शाळेचा बाक शोधत होतो.

गोष्ट अशी. कलामांनी ‘अग्निपंख’मध्ये स्वतः सांगितलेली. रामेश्वरच्या प्राथमिक शाळेत ते पाचवीत होते. पुढच्या बाकावर बसायचे, डोक्यावर मुसलमानी टोपी. शेजारी जानव्यातला रामनाथ शास्त्री, देवळाच्या मुख्य पुजाऱ्याचा मुलगा, त्यांचा जिवाभावाचा दोस्त. नवीन मास्तर आला. पुजाऱ्याचं पोरगं मुसलमानाशेजारी बसलेलं त्याला बघवेना. त्यानं कलामांना उठवलं आणि मागच्या बाकावर घातलं. रामनाथ रडला. दोघांनी घरी सांगितलं. पुजारी लक्ष्मण शास्त्रींनी मास्तरला बोलावून घेतलं आणि पोरांच्या देखत सुनावलं, की लेकरांच्या डोक्यात विषमतेचं विष कालवू नकोस, माफी माग नाहीतर शाळा आणि बेट सोडून चालता हो. मास्तर नरमला.

दुसरी गोष्ट त्यांच्या विज्ञानाच्या मास्तरांची, शिवसुब्रह्मण्य अय्यरांची. त्यांनी ह्या मुसलमान पोराला घरी जेवायला बोलावलं. बायको सोवळ्याची, स्वयंपाकघरातनं वाढीना. मास्तरांनी स्वतः वाढलं आणि शेजारी बसून जेवले. पुढच्या खेपेला त्या बाईनं स्वतः आत नेऊन वाढलं.

तिसरी गोष्ट बहिणीची. मद्रासच्या इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत नंबर लागला, हजारभर रुपये लागणार होते. बहीण जोहरानं सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण टाकली.

तिन्ही गोष्टी खऱ्या, तिन्ही माणसं चांगली. त्यांच्याविषयी वाकडा शब्द मी काढणार नाही. पण दोस्तांनो, तिन्ही गोष्टी एकापुढं एक ठेवून बघा. प्रत्येकीत दार बंद होतं, आणि ते आतल्या कुणीतरी आपल्या मर्जीनं उघडलं. पुजाऱ्याला वाटलं म्हणून. बाईचं मन पालटलं म्हणून. बहिणीच्या हातात सोनं होतं म्हणून. समजा, पुजारी तसा नसता तर? तर पाचवीतलं ते पोरगं मागच्या बाकावरच राहिलं असतं, आणि रामेश्वरच्या त्या शाळेत त्याला विचारणारा कायदा कुणाकडं होता?

आता आपल्या गोष्टी घ्या. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवाचं नाव घातलं. त्याला मागचा बाकसुद्धा नव्हता. त्याचं बसायचं तरट वेगळं, घरनं आणायचं आणि संध्याकाळी काखेत मारून परत न्यायचं, कारण शाळा झाडणारा त्याला हात लावणार नाही. तहान लागली तर शिपायानं वरनं ओतायचं, शिपाई नाही तर पाणी नाही. तिथं कुठला पुजारी मास्तरला दम भरायला आला? कुणाचं पोरगं रडत घरी गेलं?

आणखी एक बाक सांगतो. कलाम जिथं रॉकेटं बनवायला शिकले ते तुंबा तिरुवनंतपुरम जिल्ह्यात. त्याच जिल्ह्यात ऊरुट्टंबलम नावाचं गाव आहे. १९१० मध्ये अय्यनकाळी पंचमी नावाच्या पुलया पोरीचा हात धरून तिथल्या शाळेत घेऊन गेले. हे तेच अय्यनकाळी, ज्यांनी १८९३ मध्ये पुलयांना बंदी असलेल्या रस्त्यावरनं स्वतःची बैलगाडी हाकली होती. पोरगी बाकावर बसली. सवर्णांनी शाळाच पेटवून दिली. त्या आगीतला अर्धा जळका बाक त्या शाळेत आजही जपून ठेवलाय. शाळेला आता अय्यनकाळी-पंचमीचं नाव आहे. म्हणजे कलामांना मागच्या बाकावर घातलं, भिवाला बाकच दिला नाही, आणि पंचमी बसली तो बाक जाळला. हे तीन वेगवेगळे हिशेब आहेत. कॅन्टीनमधला माणूस ते एकाच खात्यात मांडतो.

आणि कलाम गरीब होते, गरीब होते, हे जे चाललंय तेही जरा तपासा. त्यांनी स्वतः लिहिलंय की आपलं घर मध्यमवर्गीय होतं. बाप इमाम, गावात मान. यात्रेकरूंना धनुष्कोडीपर्यंत न्यायला त्यांनी होडी बांधलेली. पेपरची गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली. रामेश्वरला गाडी थांबणं बंद झालं, पेपरचे गठ्ठे चालत्या गाडीतनं फेकायचे, ते झेलायला चुलतभावाला हात हवा होता. पोरानं कष्ट केले, त्या कमाईचा त्याला अभिमान होता, आणि असायलाच पाहिजे. पण फ्लेक्सवाल्याला तेवढ्यानं भागत नाही. त्याला माणूस अगदी अनाथ करून दाखवायचा असतो, म्हणजे मग बाकीच्या गरिबांना विचारता येतं, तू का नाही झालास?

आमच्याकडं गहाण टाकायला सोनं नव्हतं. माझा बा देहूरोडच्या डेपोत मजूर. आयच्या गळ्यात काळी पोत आणि दोन मणी. मी मॅट्रिक झालो तेव्हा आमच्या चाळीत आनंद झाला आणि लगेच काळजी लागली. मी आयटीआय केलं ते शिष्यवृत्तीवर. ही मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या पोरांसाठी १९४४ साली सुरू झाली. तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. तिच्यासाठी मला कुणा पुजाऱ्याच्या चांगुलपणाची वाट बघावी लागली नाही. कुणाच्या बांगड्या सावकाराच्या तिजोरीत गेल्या नाहीत. क्लार्कनं तोंड वाकडं केलं, सहा महिने उशिरा दिली, पण दिली. त्याला द्यावीच लागली. कॅन्टीनमधला भाऊ जिला ‘सवलत’ म्हणतो ती म्हणजे ही ‘द्यावीच लागली’. जोहराची बांगडी आणि हे एवढं, ह्यात फरक आहे तो इतकाच. आणि जोहराताईंच्या मायेला ह्यानं कमीपणा येत नाही.

आता कलामांची एक अशी गोष्ट सांगतो, जी फ्लेक्सवर कधीच येत नाही. मॅनेजमेंटनं ती बोर्डावर लावून दाखवावीच.

एसएलव्ही-३ चं पहिलं उड्डाण १० ऑगस्ट १९७९ ला झालं. फसलं. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणात बिघाड झाला आणि काही मिनिटांत सगळं बंगालच्या उपसागरात. शोधलं तेव्हा कळलं, एका व्हॉल्व्हमध्ये धूळ अडकून तो उघडा राहिला, त्यातनं नायट्रिक ॲसिड गळून गेलं. धूळ! आमच्या धंद्यातल्या माणसाला हे ऐकून अंगावर काटा येतो. बोअर केलेल्या पार्टात एक बर राहिला, कापडानं पुसायचा राहून गेला, की काय होतं ते आम्ही रोज बघतो. सतरा टनाचं रॉकेट असो नाहीतर ट्रकचा ब्रेक, हिशेब तोच.

प्रकल्पप्रमुख कलाम होते. पत्रकार बाहेर थांबलेले. कलाम नंतर जन्मभर सांगत राहिले, की त्या दिवशी इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः पत्रकारांपुढं गेले आणि अपयश आपल्या अंगावर घेतलं. आणि पुढच्या वर्षी, १८ जुलैला रोहिणी वर गेला, तेव्हा धवन मागं राहिले आणि कलामांना म्हणाले, जा, आता तू बोल.

मी एका कारखान्यात काही वर्षं होतो, नाव घेत नाही. तिथं रिजेक्शन निघालं की ऑपरेटरचा टोकन नंबर लाल खडूनं बोर्डावर. प्रॉडक्शन वाढलं की हार प्लांट हेडच्या गळ्यात. एकदा एक लॉट गेला. माल मुळातच कठीण आलेला, इन्सर्ट दर पंधरा पीसला मरत होता, आम्ही तीनदा सांगितलेलं. तरी नंबर लिहिला गेला तो माझ्या शेजारच्या मशीनवरच्या ट्रेनी पोराचा. पोरगं सोलापूरकडचं, मातंग समाजाचं, खोलीत सहा जणांत राहणारं. दुसऱ्या दिवशी गेटवर त्याचं कार्ड चाललं नाही. भिंतीवर कलाम हसतच होते. मला त्या दिवशी वाटलं, ह्या फोटोशेजारी धवनांचाही फोटो लावा की. मग आम्ही तुमचं स्वप्न ऐकून घेऊ.

तुंब्याची एक गोष्ट थोडक्यात. तिथं कोळ्यांचं गाव होतं आणि मेरी मॅग्डलीनचं चर्च. विक्रम साराभाईंनी बिशप परेरांकडं जागा मागितली. बिशपनी रविवारच्या प्रार्थनेत लोकांना विचारलं, लोक आमेन म्हणाले, असं कलाम सांगायचे. २१ नोव्हेंबर १९६३ ला तिथनं पहिलं रॉकेट उडालं. चर्चमध्ये कचेरी झाली, आता तिथं अवकाश संग्रहालय आहे. रॉकेटाचा नाकाडा सायकलच्या कॅरिअरवर ठेवून नेणाऱ्या माणसांचा फोटो तुम्ही बघितला असेल, तो जगभर गेला. त्या फोटोखाली साराभाईंचं नाव असतं, कलामांचं असतं. सायकल धरलेल्याचं मी कुठं वाचलेलं नाही. आमेन म्हणून गाव सोडणाऱ्यांचंही नाही. जमीन देणाऱ्याचं नाव कोनशिलेवर येत नसतं, हे चाकणच्या माणसाला मी काय सांगू? आपल्याच जिल्ह्यात वालचंदनगरला इस्रोच्या रॉकेटांची मोटार केसिंगं बनतात. म्हणजे पत्रा वाकवणारे, वेल्ड मारणारे, एक्स-रे काढून वेल्ड तपासणारे हात मराठीच बोलतात. त्यांच्यासाठी कुठल्या प्रदर्शनात एखादा हातमोजा तरी ठेवलाय का?

गंमत म्हणजे हे कलामांच्याही डोळ्यांना दिसायचं. अमेरिकेत वॉलॉप्सच्या रॉकेट केंद्रात ते शिकायला गेले तेव्हा तिथल्या दर्शनी दालनात त्यांना एक चित्र दिसलं. लढाईचं. रॉकेटं सोडणारे शिपाई गोरे नाहीत, काळे. जवळ जाऊन बघतात तर टिपू सुलतानाची फौज, समोर इंग्रज. आपल्या देशात विसरलेली गोष्ट परक्यानं भिंतीवर लावलेली बघून त्यांना बरं वाटलं, असं त्यांनी लिहिलंय. म्हणजे भिंतीवर कोण लागतं ह्यानं माणसाला काय होतं, हे त्यांना कळत होतं.

आता जे बोचतं तेही लिहितो. नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारा रामेश्वरला जाऊन आला आणि आरती करायला लागला.

११ मे १९९८, सोमवार, बुद्धपौर्णिमा. आमच्या विहारात खीर शिजत होती. दुपारची वंदना झालेली, संध्याकाळच्या मिरवणुकीची तयारी. टीव्हीवर बातमी आली, पोखरणला तीन अणुस्फोट केले. कलाम तेव्हा संरक्षणमंत्र्यांचे वैज्ञानिक सल्लागार, ह्या कामातल्या पुढच्या माणसांतले एक. चौकात फटाके वाजले. १९७४ च्या स्फोटालाही हसऱ्या बुद्धाचं नाव होतं, त्यामुळं ह्या वेळीही बुद्ध हसला, बुद्ध हसला सुरू झालं. माझा बा तेव्हा होता. देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी स्वतःच्या हातानं बुद्धमूर्ती बसवली, तेव्हा तो गर्दीत उभा होता, बारा-तेरा वर्षांचा. नंतर जन्मभर त्यानं डेपोत दारूगोळ्याच्या पेट्या उचलल्या. ती बातमी ऐकून तो म्हणाला, ‘‘आमी पेट्या उचलल्या त्या पोटासाठी. पण बुद्धाचं नाव त्या पेट्यांवर नव्हतं लिव्हलं कुनी.’’ आणि खीर वाटायला गेला. मला कलामांना विचारायला मिळालं असतं तर मी एवढंच विचारलं असतं, की तारीख ठरवताना तुमच्यातल्या एकालाही आमच्या खिरीची आठवण झाली नाही का?

आणि तरीही पेईकरुंबूहून मी मोकळ्या मनानं निघालो नाही. कारण एक गोष्ट माझ्या पायात अडकली होती. कॅलिपर.

कलाम सांगायचे की हैदराबादला असताना एक हाडांचे डॉक्टर क्षेपणास्त्राचा तो हलका संमिश्र पदार्थ हातात घेऊन बघत राहिले आणि त्यांना आपल्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथं पोलिओची पोरं तीन-तीन किलोची लोखंडी कॅलिपरं ओढत चाललेली. कलामांच्या माणसांनी त्या पदार्थाची कॅलिपरं बनवली, तीनशे ग्रॅमची. पोरं पळायला लागली, आईबाप रडले. आपल्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा आनंद, असं ते म्हणायचे. मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो. ग्रॅम मोजणारा माणूसच असं म्हणू शकतो.

माझ्या धाकट्या बहिणीला पोलिओ. १९७२ चा जन्म. आमच्या चाळीला एक नळ, गटाराला लागून. ती दोन वर्षांची असताना ताप आला आणि डावा पाय गेला. पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यातनं लोखंडी कॅलिपर मिळालं. गुडघ्यावर कातड्याचा पट्टा, खाली पोलादी पट्ट्या, बुटाला रिवेट मारलेल्या. वाढेल तसं बदलायचं, पण एवढ्या खेपा कोण घालणार? मी टर्नर झाल्यावर त्याच पट्ट्यांना जोड देऊन दोन इंच वाढवल्या. एकदा मशीनशॉपच्या काट्यावर ठेवून बघितलं, दोन किलो आठशे. ती ते पायात घालून चिखलातनं शाळेला गेली, दहावी झाली, आणि मग पुढची शाळा दुसऱ्या मजल्यावर होती म्हणून घरी बसली. तीनशे ग्रॅमचं कॅलिपर तिला कधीच मिळालं नाही. आम्ही विचारलं, एकदा नाही तीनदा. एका खिडकीनं दुसरी दाखवली. मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त झाला म्हणून जाहीर झालं, ते आम्ही दोघांनी शेजारी बसून टीव्हीवर बघितलं. चांगलंच झालं ते. ती म्हणाली, ‘‘दादा, आता ह्येची गरज कुनालाच न्हाई,’’ आणि पाय लांब करून बसली.

क्षेपणास्त्राचा पदार्थ दवाखान्यापर्यंत आला तो एक डॉक्टर आला म्हणून आणि एक शास्त्रज्ञ भला होता म्हणून. पुन्हा तीच गोष्ट. पुजाऱ्याची, बांगडीची. त्या दवाखान्यापासनं आकुर्डीच्या चाळीपर्यंत ते कॅलिपर आणायला भला माणूस पुरत नाही. त्याला जीआर लागतो, खिडकी लागते, आणि खिडकीपाशी भांडणारी तुमच्यासारखी पोरं लागतात.

तर कामाचं बोलतो. येत्या १४ एप्रिलला अभ्यासिकेच्या हॉलमध्ये आपण एक प्रदर्शन मांडतोय. डीजेच्या वर्गणीतले थोडे पैसे इकडं वळवा, म्हणून मी मंडळाला सांगितलंय, अजून होकार नाही. भिंतीवर कलामांचा फोटो असेल, काढायचा नाही. त्याखाली एसएलव्ही-३ चा छेद, पोरांनी थर्माकोलचा केलाय, चार टप्पे चार रंगांत. शेजारी धवन. शेजारी सायकलचा फोटो, आणि नावाच्या जागी मोकळी चौकट. पंचमीच्या बाकाचा फोटो मिळाला तर मोठा करून लावू, केरळातल्या कुणा साथीची ओळख असेल तर कळवा. एक तरटाचा तुकडा. डेपोचे जुने पास, टोकनं, गेज, रिजेक्ट झालेले पार्ट, आईबापाच्या शिष्यवृत्तीचे फॉर्म, ज्याच्याकडं जे असेल ते द्या. वस्तूबरोबर ती कुणी वापरली त्याचं पूर्ण नाव द्या आणि कुठल्या सालात, तेही. चिठ्ठी शाईनं लिहा, बॉलपेनची उडते.

कॅलिपर मी मागितलं. माळ्यावर होतं, गंजलेलं, पट्टा उंदरांनी खाल्लेला. बहिणीनं आधी नाही म्हटलं. मग म्हणाली, ‘‘नेतोस तर ने. पन काचेत ठिऊ नको. पोरांनी हातात घिऊन बघावं. जड लागंल, लागू दे.’’